मोअरबाथची वही

गावाच्या इतिहासाची साधने कोणती, असे विचारले तर आपल्यासमोर चटकन येतात ती सनदा, वतनाचे कागद, जमाबंदीचे तक्ते, खटल्यांचे निवाडे. यांतले बहुतेक कागद सत्तेने गावाकडे पाहताना तयार झालेले असतात. शेतसारा किती, हक्कदार कोण, गुन्हेगार कोण, हे सत्तेला जाणून घ्यायचे असते. गावाचे वर्ष कसे गेले, याच्याशी तिला कर्तव्य नसते. गावाने स्वतःकडे पाहून, स्वतःला वाचून दाखवण्यासाठी लिहिलेले कागद म्हणूनच फार दुर्मिळ. अशाच एका कागदाची, खरे तर एका हिशेबवहीची, ओळख आम्हाला येथे करून द्यायची आहे. ती वही आहे सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या मोअरबाथ नावाच्या खेड्याची.

मोअरबाथ हे डेव्हन परगण्यात, सॉमरसेटच्या सीमेला लागून, एक्समूरच्या माळरानाच्या दक्षिण कडेला वसलेले गाव. त्या काळी येथे अवघी तेहतीस कुटुंबे राहत होती. जमीन फारशी सुपीक नाही, उपजीविका मुख्यतः मेंढ्यांवर. असे हे आडबाजूचे गाव इतिहासात यावे असे त्यात काहीच नव्हते. परंतु १५२० साली ख्रिस्तोफर ट्रिकी नावाचा एक तरुण धर्मगुरू येथे आला आणि १५७४ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तब्बल चौपन्न वर्षे, याच गावाचा धर्मगुरू म्हणून राहिला. गावच्या चर्चचा जमाखर्च लिहिण्याचे काम त्याने स्वतःच्या हाती ठेवले. त्याने लिहिलेली पाने आज उपलब्ध आहेत, आणि इंग्लंडच्या इतिहासातील अत्यंत वादळी अर्धशतक एका खेड्याने कसे सोसले, हे त्यांतून दिसते.

येथे एक खुलासा करायला हवा. इंग्रजीतल्या ‘पॅरिश’ला मराठी कॅथलिक समाजात ‘धर्मग्राम’ असा अर्थपूर्ण शब्द रूढ आहे. एका चर्चच्या छायेखाली येणारी वस्ती म्हणजे धर्मग्राम. सोळाव्या शतकातल्या इंग्रजी खेड्यात गाव आणि धर्मग्राम या गोष्टी बहुतांशी एकच होत्या. जन्म, विवाह, मृत्यू, भांडणे, मेजवान्या, वर्गण्या हे सारे चर्चभोवतीच घडत असे. त्यामुळे चर्चचा हिशेब हा गावाचाच हिशेब असे.

तरीही ही वही म्हणजे निव्वळ आकड्यांची जंत्री नव्हे. दरवर्षी कारभाऱ्यांची मुदत संपली की जमलेल्या गावकऱ्यांपुढे जमाखर्च वाचून दाखवला जाई. ट्रिकी हिशेब लिहितो तो या वाचनासाठी. त्यामुळे त्याच्या वाक्यांना बोलण्याचा सूर आहे. तो ऐकणाऱ्यांना उद्देशून लिहितो, कुणाचे कौतुक करतो, कुणाला हळूच चिमटा काढतो, आणि अमुक रक्कम का खर्च झाली हे समजावूनही सांगतो. वर्तमानपत्र नावाची वस्तू जन्मायच्या कितीतरी आधी एका खेड्याने आपली वर्षभराची बातमी स्वतःलाच ऐकवण्याची ही रीत होती.

त्या बातम्या तरी कोणत्या? मोअरबाथच्या चर्चमध्ये निरनिराळ्या संतांच्या मूर्ती होत्या आणि त्यांच्यापुढे दिवे तेवत ठेवण्यासाठी वेगवेगळे निधी होते. एक निधी चर्चचे अधिष्ठाते संत जॉर्ज यांचा, एक मारियामातेचा, आणि एक गावातल्या अविवाहित तरुणांचा, तर एक अविवाहित मुलींचा. प्रत्येक निधीला स्वतःचे कारभारी असत. मुलींच्या निधीचा कारभार मुलीच पाहत. घरोघर फिरून पेनी-पेनी गोळा करायची, मेण विकत घ्यायचे, वर्षअखेर साऱ्या गावापुढे हिशेब द्यायचा. थोरले कारभारीपद घरांच्या पाळीने फिरे. त्यामुळे घरात कर्ता पुरुष नसेल तर ते विधवेकडेही येई. मतदानाचा अधिकार स्त्रियांना मिळायला अजून चार शतके अवकाश होता. पण या खेड्यातली पोर वयात येतायेताच सार्वजनिक पैशाचा हिशेब द्यायला शिकत होती.

काही निधींच्या मालकीच्या मेंढ्या होत्या. त्यांचा वेगळा कळप नव्हता. एकेक, दोन-दोन मेंढ्या गावकऱ्यांच्या कळपांत वाटून दिलेल्या असत आणि ज्याने त्याने त्या आपल्या मेंढ्यांबरोबर सांभाळायच्या. कोणाकडची मेंढी व्याली, कोणाकडची मेली, लोकर किती निघाली, मेलेल्या मेंढीचे कातडे केवढ्याला गेले, याची नोंद वहीत होते. मरताना कुणी मेंढी देतो, कुणी दिव्याच्या मेणासाठी मधमाश्यांचे पोळे देतो, कुणी चांदीची अंगठी. मोठी मिळकत होई ती मेजवान्यांतून. चर्चचे स्वतःचे एक घर होते. तेथे जवाची बिअर तयार करून, आसपासच्या गावांना बोलावून मेजवानी भरवली जाई आणि विक्रीचा नफा चर्चच्या खात्यात जमा होई. एक मेजवानी थोरल्या कारभाऱ्यांची, एक तरुणांची. देवाचे काम, शेजारधर्म आणि मौज यांच्यात भिंती घालण्याची कल्पना त्या गावाला सुचलेलीच नव्हती.

याचा अर्थ हे गाव म्हणजे सुखाचे आगर होते, असे मात्र नाही. चर्चच्या सेवकाचे वेतन कसे द्यायचे, यावर १५३० नंतरच्या काही वर्षांत गावात मोठा तंटा झाला. या सेवकाला घरटी काही पेनी आणि धान्याची पेंढी देण्याची रीत होती. आपल्याकडच्या बलुत्याची आठवण व्हावी, अशी ही व्यवस्था. काही घरांनी देण्यास नकार दिला आणि प्रकरण वर्षानुवर्षे लोंबकळले. अखेर १५३६ मध्ये समझोता झाला. बहुमताने निर्णय लादण्याकडे या गावाचा कल नव्हता. सगळे राजी होईपर्यंत थांबायचे, ही त्याची पद्धत. ती दमवणारी खरी. पण ज्यांना उद्याही एकमेकांच्या मेंढ्या सांभाळायच्या आहेत, त्यांना ती परवडणारी होती.

धर्मगुरूचे लाडके दैवत होते संत सिडवेल. ही एक्झिटर शहराची स्थानिक संत. तिच्या जमिनीच्या लोभाने सावत्र आईने कापणी करणाऱ्यांकरवी तिचा विळ्याने वध करवला, अशी कथा आहे. ट्रिकीने तिची मूर्ती मोअरबाथला आणली आणि हळूहळू गावाने तिला आपलेसे केले. भाविकांच्या भेटींतून तिच्या पायात चांदीचा जोडा आला. १५३४ साली एका चोराने चर्चमध्ये शिरून तो जोडा आणि पूजेचा प्याला लांबवला. तेव्हा गावातले तरुण आणि मुली एकत्र आल्या, त्यांनी आपसात पैसे जमवले आणि नवा प्याला घेतला. गावावर त्याचा भार पडू दिला नाही. ट्रिकी ही गोष्ट अभिमानाने नोंदवतो.

याच वर्षी लंडनमध्ये पार्लमेंटने आठव्या हेन्रीला इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख ठरवले. मोअरबाथला त्याची झळ लगेच लागली नाही. १५३६ मध्ये शेजारचा बार्लिंचचा मठ बरखास्त झाला. तिथली एक काचेची खिडकी लोखंड-दगडासह मोअरबाथच्या चर्चला भेट मिळाली आणि गावाने ती बसवून घेतली. १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलने फर्मान काढले. त्यानुसार प्रत्येक चर्चमध्ये इंग्रजी बायबल ठेवायचे, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवायची, आणि मूर्तींपुढचे दिवे बंद करायचे होते. दिवे विझले, म्हणजे दिव्यांसाठी असलेल्या निधींचे प्रयोजनच गेले. तरुणांचे आणि मुलींचे कारभारीपण ज्यावर उभे होते, तो पायाच खचू लागला.

या सगळ्यात धर्मगुरूचा एक जुना संकल्प चालूच होता. मृतांसाठीच्या मिस्सेला काळी पूजावस्त्रे हवीत, म्हणून त्याने सुमारे वीस वर्षे पैसा साठवला. आपल्या हक्काच्या किरकोळ उत्पन्नावरही त्याने यासाठी पाणी सोडले. दरवर्षी हिशेबात ती रक्कम थोडी थोडी वाढताना दिसते. १५४७ साली अखेर ती वस्त्रे आली. आणि १५४७ च्या जानेवारीतच हेन्री मरण पावला होता. नऊ वर्षांचा सहावा एडवर्ड गादीवर आला होता. त्याच्या नावाने राज्य करणाऱ्यांनी मृतांसाठीच्या प्रार्थनाच मोडीत काढायला घेतल्या. वीस वर्षे वाट पाहून आणलेली वस्त्रे वापरण्याचा काळ हातात आला नाही तोच सरला.

पुढची दोन वर्षे वहीत भराभर उलटतात. मूर्ती हटवायच्या, मिरवणुका बंद, निधी बंद, मेजवान्या बंद. चर्चच्या मेंढ्या विकल्या गेल्या. १५४८ च्या सुमारास ल्यूसी सीली नावाची एक बाई कारभारी होती; चर्चमधल्या वस्तू विकण्याचे काम तिच्या कारकिर्दीत झाले. जिथे सात-आठ हिशेब दरवर्षी वाचले जात, तिथे एकाच कारभाऱ्याचा, काही ओळींचा हिशेब उरला. आम्हाला या वहीतला सर्वांत बोलका भाग हाच वाटतो. पन्नासेक ओळींत गावाचे वर्ष सांगणारा माणूस एकाएकी अबोल होतो. सांगण्याजोगे काही घडले नाही म्हणून नव्हे. ज्या उद्योगांमुळे गावाकडे सांगण्याजोगे काही असे, ते उद्योगच काढून घेतले गेले म्हणून.

१५४९ च्या ९ जूनला लॅटिन मिस्सेच्या जागी नवे इंग्रजी प्रार्थनापुस्तक साऱ्या देशात सक्तीचे झाले. दुसऱ्याच दिवशी डेव्हनमधल्या सॅम्पफर्ड कोर्टने या खेड्यात लोकांनी आपल्या धर्मगुरूला जुनीच मिस्सा म्हणायला लावली. पाहता पाहता डेव्हन आणि कॉर्नवॉलमध्ये बंड पेटले. त्याच वर्षी मेंढ्यांवर नवा करही आला होता, ही गोष्ट मेंढ्यांवर जगणाऱ्या प्रदेशात किरकोळ नव्हे. २ जुलैपासून बंडखोरांनी एक्झिटरला वेढा दिला. आणि मोअरबाथच्या वहीत एक नोंद येते : गावातले पाच तरुण सेंट डेव्हिड्स डाउनच्या छावणीकडे निघाले, त्यांना जाताना खर्चासाठी इतके इतके शिलिंग दिले.

१९०४ साली ही वही छापली गेली, तेव्हा त्या ठिकाणाचे नाव चुकीचे वाचले गेले आणि नोंदीचा अर्थ कुणाच्या ध्यानात आला नाही. केंब्रिजचे इतिहासकार एमन डफी यांनी मूळ हस्तलिखित पुन्हा वाचले. सेंट डेव्हिड्स डाउन म्हणजे एक्झिटरच्या तटाबाहेरची उंचवट्याची जागा. तेथे छावणी होती ती बंडखोरांची. म्हणजे मोअरबाथने आपले पाच जण राजाविरुद्ध धाडले होते. तेही चोरून नव्हे, तर गावाच्या पैशाने. आणि तो खर्च चर्चच्या जमाखर्चात रीतसर लिहिलाही. प्याल्यासाठी जसे पैसे जमवले तसेच हे. डफींचे ‘द व्हॉइसेस ऑफ मोअरबाथ’ हे पुस्तक २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातला हा शोध कळसाचा म्हणावा लागेल.

६ ऑगस्टला सरकारी फौजेने वेढा मोडला आणि महिनाअखेरच्या आत बंड चिरडले गेले. काही हजार माणसे मारली गेली. एक्झिटरजवळच्या सेंट थॉमस येथील धर्मगुरू रॉबर्ट वेल्श याला त्याच्याच चर्चच्या मनोऱ्यावर, पूजावस्त्रांसह, फासावर लटकवण्यात आले. मोअरबाथच्या त्या पाच जणांपैकी सगळ्यांची नावे पुढच्या पानांवर भेटत नाहीत. वही त्याविषयी काही बोलत नाही. ज्या हाताने प्रत्येक मेंढीचा मृत्यू टिपला, त्या हाताने या तरुणांचा शेवट लिहिला नाही.

१५५३ मध्ये एडवर्ड मरण पावला, मेरी राणी झाली आणि जुना धर्म परत आला. तेव्हा गावकरी एकेक करून चर्चकडे येऊ लागले. कुणी मूर्तीचा भाग आणला, कुणी रंगवलेली फळी, कुणी पुस्तक. पाच-सहा वर्षे लोकांनी आपापल्या घरी हे सारे दडवून ठेवले होते. ट्रिकीची लेखणी पुन्हा मोकळी होते. कोणी काय परत आणले, हे तो नावानिशी सांगतो. पण हा आनंद पाच वर्षांचा. १५५८ मध्ये एलिझाबेथ गादीवर आली आणि १५५९ मध्ये पुन्हा इंग्रजी प्रार्थनापुस्तक आले. ट्रिकीने तेही स्वीकारले. त्याने पद सोडले नाही, गाव सोडले नाही. ज्या पुस्तकाविरुद्ध गावाने माणसे धाडली होती, त्याच धर्तीच्या पुस्तकातून तो आणखी पंधरा वर्षे गावाला उपासना वाचून दाखवत राहिला.

या माणसाला काय म्हणावे? निष्ठावंत म्हणावे तर त्याने चार राज्यकर्त्यांच्या चार धर्माज्ञा पाळल्या. संधिसाधू म्हणावे तर मिळण्याजोगे त्याला काही नव्हते. गरीब गावातली गरीब जागा, एवढेच. आम्हाला वाटते, त्याच्यापुढे सिद्धान्त आणि माणसे यांतून निवड करण्याची वेळ आली, आणि त्याने माणसे निवडली. ज्यांचे बाप्तिस्मे त्याने केले, ज्यांच्या आईबापांना त्याने मातीआड केले, त्यांना सोडून जाणे त्याला जमले नाही. हुतात्मे इतिहासात ठळक दिसतात. जे राहतात, निभावून नेतात, त्यांच्यासाठी आपल्याजवळ पुरेसे शब्द नाहीत.

तरीही या वहीकडे भाबडेपणाने पाहून चालणार नाही. डफींनी पुस्तकाच्या नावात ‘आवाज’ असे अनेकवचन वापरले, परंतु कागदावर लेखणी एकाच माणसाची आहे. जे गावकरी वेतनाच्या तंट्यात अडून बसले, त्यांची बाजू त्यांच्याच शब्दांत आपल्याला ऐकू येत नाही. मूर्ती हटल्याचा गावात एखाद्याला आनंद झाला असेल, तर तो नोंदवण्याचे ट्रिकीला कारण नव्हते. शिवाय देवाची वाणी लोकांच्या भाषेत यावी, या सुधारकांच्या आग्रहाशी मराठी वाचकाचे मन लगेच जुळते. आपल्याकडे हाच आग्रह संतांनी धरला. फरक आहे तो मार्गाचा. संतांची मराठी लोकांतून वर आली. हे इंग्रजी पुस्तक वरून, दंडाच्या धाकाने खाली आले. कॉर्नवॉलच्या बंडखोरांनी तर आपल्यापैकी कित्येकांना इंग्रजी कळतच नाही, अशी तक्रार केली होती. ‘लोकांची भाषा’ म्हणजे नेमक्या कोणत्या लोकांची, हा प्रश्न त्याही वेळी सुटलेला नव्हता.

एलिझाबेथच्या काळातली पाने वाचताना आणखी एक बदल जाणवतो. हिशेब पुन्हा भरू लागतात, पण खर्चाच्या बाबी बदललेल्या आहेत. सैनिकांची शस्त्रे, पुलांची डागडुजी, राणीच्या खजिन्यात भरायच्या रकमा. पुढे १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणाची जबाबदारी पॅरिशवर टाकली, आणि १८९४ च्या कायद्याने चर्चपासून वेगळी अशी निवडून दिलेली पॅरिश कौन्सिले आली. म्हणजे धर्मग्राम हे उत्तरोत्तर शासनाचे सर्वांत खालचे एकक बनत गेले. यातून पुष्कळ चांगलेही झाले, हे नाकारता येत नाही. पण गावाने स्वतःहून हाती घेतलेले काम आणि गावाकडे सोपवलेले काम यांत अंतर असते. मुलींनी दिव्यासाठी जमवलेली पेनी आणि पुलासाठी बसलेला कर, दोन्ही वहीत एकाच रकान्यात येतात; पण पहिलीतून गाव घडते, दुसरीतून गाव वापरले जाते.

मोअरबाथच्या वहीचे महत्त्व आम्हाला येथे वाटते. समाज म्हणजे काही उदात्त भावना नव्हे. तो लहानसहान उद्योगांचा गुंता असतो. दुसऱ्याची मेंढी सांभाळणे, मेजवानीची भांडी घासणे, पाळी आली की कारभारीपण घेणे, वर्षअखेर चारचौघांत उभे राहून हिशेब देणे. हे उद्योग बाहेरून क्षुल्लक दिसतात, म्हणून सुधारणा करायला निघालेल्यांना ते सहज काढून टाकता येतील असे वाटते. मूर्ती पुन्हा घडवता येते, दिवा पुन्हा लावता येतो. पण हिशेब द्यायला शिकलेल्या मुलींची परंपरा एकदा तुटली की ती फर्मानाने परत येत नाही. मेरीच्या राज्यात जुना धर्म परतला, तेव्हाही मोअरबाथचे ते जुने निधी पूर्वीसारखे उभे राहिले नाहीत.

आपल्याकडेही जत्रांच्या, सप्ताहांच्या, देवळांच्या वर्गणीच्या वह्या गावोगावी कुणाच्या तरी फडताळात पडलेल्या असतात. त्यांत कुणी पाच रुपये दिले, कुणी पायली ज्वारी दिली, कुणाचे नाव खोडले गेले, हे लिहिलेले असते. त्या रद्दीत घालण्यापूर्वी कुणीतरी एकदा, शक्य तर मोठ्याने, वाचाव्यात; एवढेच आमचे मागणे आहे.